उन्हाळ्यात बाहेर बसायची जागा कशी बघायची, सांगलीकरांसाठी

मोबाईलवर 38 दाखवतंय म्हणजे आज बरंय असं धरून चालू नका, तो आकडा सावलीतल्या हवेचा असतो, आपल्या अंगाला त्यावर डोक्यावरचं ऊन, पायाखालच्या पेव्हर ब्लॉकची धग आणि शेजारच्या भिंतीची झळ पण लागते.

आमच्या कॉलनीत म्हाताऱ्या माणसांना बसायला जागा बघायची होती. त्यासाठी एप्रिलमध्ये एकाच दिवशी तीनदा जायचं, सकाळी 9, दुपारी 3 आणि संध्याकाळी 7 ला. सातची फेरी चुकवू नका, ऊन गेलं तरी काँक्रीट दिवसभर पिलेली उष्णता तेव्हाच बाहेर टाकत असतं. हाताची मागची बाजू जमिनीला लावून बघा. आमच्याकडं स्टीलचा बाक होता, दुपारी आई टेकली आणि लगेच उठली, साडीतून चटका बसला तिला. तिथनं चार पावलांवर कडुनिंबाखालच्या मातीवर हात निवांत ठेवता येत होता, आणि हवा दोन्हीकडं तीच की.

मे महिन्यात भिंतीच्या सावलीवर विसंबू नका. महिन्याच्या सुरुवातीला साडेबाराच्या सुमारास सूर्य सांगलीच्या बरोबर डोक्यावर येतो, भिंतीची सावली तिच्या पायाशीच गोळा होते, म्हणून वर फांद्यांचं छत पाहिजे. दुपारनंतरच्या उन्हासाठी झाड बाकाच्या पश्चिमेला असावं. पत्र्याचं शेड करणार असाल तर खालून बांबूच्या तट्ट्या लावा, नाहीतर तापलेला पत्राच वरून भाजतो. झाडाचं तसं होत नाही, ते पानांतून पाणी सोडत राहतं.

वारा अडवू नका, ही गोष्ट आता जास्तच महत्त्वाची झालीय. 1850-1900 च्या मानानं 2011-2020 मध्ये पृथ्वी सरासरी 1.1 अंशानं तापलेली होती, ऐकायला किरकोळ वाटतं, पण हवा 1 अंशानं तापली की साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते. वळीव पडून गेल्यावर घाम वाळतच नाही, जीव नुसता घाबराघुबरा होतो, तो उकाडा सगळ्यांना माहितीय. अशा वेळी चारी बाजूनं कंपाउंड घातलेल्या जागेपेक्षा नदीकडून वारा येणारी मोकळी जागा कधीही बरी.

झाड नसेल तर जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की करंज नाहीतर कडुनिंब लावा, जाळी बसवा, पहिले दोन उन्हाळे पाणी घाला. आणि ब्लॉक बसवणाऱ्याला आधीच सांगा, बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी सोड म्हणून. अगदी खोडापर्यंत सिमेंट भरलेली झाडं बघितली की पोटात तुटतं.