ग्रामपंचायत सदस्यत्व आणि अपात्रता: या चुका टाळा

आधी एक गल्लत दूर करूया. छाननीत उमेदवारी अर्ज बाद होणं वेगळं आणि निवडून आल्यावर अपात्र ठरणं वेगळं. अर्जाचा निर्णय निवडणूक निर्णय अधिकारी देतो. सदस्याच्या अपात्रतेचा वाद जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. अपात्र ठरायला काही मोठा गैरव्यवहार लागत नाही, थकलेल्या घरपट्टीवरूनही पद जातं.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 14 नुसार, बिल रीतसर बजावल्यावर तीन महिन्यांत कर किंवा फी भरली नाही तर माणूस अपात्र होतो. कोकणात इथेच घोळ होतो. घर सामायिक, बिल अजून आजोबांच्या नावावर, दोन भाऊ मुंबईत आणि घरपट्टी कोणी भरायची ते गणपतीला सगळे जमल्यावर ठरणार! कायदा मात्र एकत्र कुटुंबाच्या थकबाकीसाठी सगळ्यांनाच अपात्र धरतो. तेव्हा भावाने भरली असेल असं गृहीत धरू नका. नमुना 8 मध्ये, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीत, घर कोणाच्या नावावर आहे ते बघा, मागची बाकी आणि पाणीपट्टी भरा आणि पावतीवर घर क्रमांक, वर्ष, तारीख तपासूनच ग्रामपंचायतीबाहेर पडा.

दुसरी चूक जागेची. किनाऱ्यालगत सरकारी जागेत पुढे काढलेली पडवी किंवा मासळीची शेड अतिक्रमण ठरू शकते. 'ती सासऱ्यांनी बांधली, मी नाही' हा बचाव चालत नाही. अतिक्रमण घरातल्या दुसऱ्याने केलेलं असलं, तरी तिथे राहून त्याचा उपभोग घेणारा सदस्य अपात्र ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं. शंका असेल तर उमेदवारीआधीच भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या.

हरलेले उमेदवार खर्चाचा हिशेब विसरतात. निकालानंतर 30 दिवसांत तो दिला नाही, तर पाच वर्षं अपात्रता येऊ शकते. म्हणजे पुढची निवडणूकही हुकली. राखीव जागेवर निवडून आलेल्यांनी जात वैधता प्रमाणपत्र देण्याची, अर्जासोबतच्या हमीपत्रातली मुदत पाळावी. नोकरीसाठी मुंबईला राहणाऱ्या सदस्यांनी रजा मंजूर करून घ्यावी. परवानगीशिवाय सलग सहा महिने सभांना गैरहजर राहिलं की पद जातं.

नोटीस आलीच तर तारखेला हजर राहा, पावत्यांसह लेखी म्हणणं द्या. जिल्हाधिकाऱ्यांचा निर्णय विरोधात गेला तर अपिलाला 15 दिवसच मिळतात. ते कोकण विभागीय आयुक्तांकडे, बेलापूरला करावं लागतं. आदेशाची प्रत त्याच दिवशी मागा.