गोव्याहून स्पितीला: सहल आखताना आधी उंची मोजा

हिमाचल प्रदेशातल्या स्पितीला जायचे ठरले की आपल्याकडे घरात पहिली चर्चा स्वेटर आणि जाकिटांची होते. ती शेवटी केली तरी चालते. शिमल्याच्या लोअर बाजारात लोकरीच्या कपड्यांना तोटा नाही. आधी एक कागद घ्या आणि रोज रात्री आपण किती मीटरवर झोपणार ते लिहून काढा. स्पितीची आखणी म्हणजे मुख्यतः एवढेच.

पणजी, वास्को, मडगाव ही सगळी समुद्रसपाटीची गावे. वाळपई, सांगे धरले तरी फारसा फरक पडत नाही. स्पितीचे मुख्य गाव काझा साधारण ३,७०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब आपल्या किनाऱ्यावरच्या दाबाच्या दोन तृतीयांशापेक्षाही थोडा कमी, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तितकाच कमी. याची सवय व्हायला शरीराला काही दिवस लागतात आणि त्यात वयाची किंवा तब्येतीची मिजास चालत नाही. रोज फुटबॉल खेळणारा नातू आडवा होतो आणि आजी अंगणात बसून चहा पिते, असेही घडते.

सुट्टी कोणती धरायची

मुलांची सुट्टी मे महिन्यात, म्हणून बहुतेक घरांत मे ठरतो. मेमध्ये स्पितीला जाता येते, पण एकाच वाटेने. मनालीच्या बाजूची कुंझुम खिंड (सुमारे ४,५५० मीटर) हिवाळ्यात बर्फाखाली असते आणि सहसा मेअखेर किंवा जूनमध्येच मोकळी होते. तेव्हा मेमध्ये शिमल्याहून शेजारच्या किन्नौर जिल्ह्यातून जायचे आणि त्याच मार्गाने परतायचे, असे धरून चला.

जुलै आणि ऑगस्ट मी तरी टाळीन. स्पिती स्वतः पर्जन्यछायेत आहे, तिथे पाऊस नाममात्र. पण तिथवर नेणारे रस्ते पावसाच्या पट्ट्यातून जातात आणि दरडी कोसळतात. जुलै २०२३मध्ये हिमाचलात झालेला हाहाकार सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला आहेच.

सगळ्यांत उत्तम काळ सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरची सुरुवात. पाऊस ओसरलेला, आकाश निळेशार, दोन्ही वाटा सुरू, आणि किन्नौरात सफरचंदांची तोडणी चाललेली. चतुर्थी सप्टेंबरात आली तर घरचा दीड किंवा पाच दिवसांचा गणपती पोचवून निघता येते. फक्त हे ज्येष्ठांना आधी विचारा. पुढच्या गणपतीचे आमंत्रण ज्या काकांकडे असते ते रुसले तर सहलीचा विरस होतो.

दिवाळीच्या सुट्टीत थंडी कडक असते, काही घरगुती निवास बंद होऊ लागतात आणि कुंझुमचा भरवसा उरत नाही. नाताळात नळांतले पाणी गोठते. त्या दिवसांत तिथे जाणारे बहुतेक काझ्याजवळच्या किब्बर गावी हिमबिबट्या पाहायला जातात. पहिल्या सहलीसाठी तो मोसम नव्हे.

गोव्यातून चंदीगड

मडगावहून थेट चंदीगडला जाणारी गोवा संपर्क क्रांती आहे, पण ती रोज नसते. ती नाही जमली तर राजधानी किंवा गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीन गाठावे आणि पुढे दुसरी गाडी. आरक्षण आता ६० दिवस आधी खुले होते. पूर्वीचे १२० दिवस डोक्यात ठेवून बसाल तर हिशेब चुकेल. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेगळे वेळापत्रक असते, गाड्या हळू धावतात, म्हणून दिल्लीत पुढची जोडगाडी धरताना भरपूर वेळ सोडा. रेल्वेने गेल्यास जाण्यायेण्यात तीन-चार दिवस जातात. दाबोळी किंवा मोपाहून विमानाने गेलात तर ते दिवस वाचतात, आणि वाचलेले दिवस डोंगरात घालवायचे आहेत, दिल्लीतल्या खरेदीत नव्हे.

चंदीगडजवळच्या कालकाहून शिमल्याला १९०३ची छोटी रेल्वे जाते. ९६ किलोमीटर, रुळांमधले अंतर जेमतेम अडीच फूट, आणि २००८पासून युनेस्कोच्या वारसा यादीत. मुले बरोबर असतील तर तिचे तिकीट जरूर काढा. घाई असेल तर टॅक्सी.

वर चढायचे शिमल्याकडून, उतरायचे मनालीकडून

नकाशा पाहिला की मनालीची वाट जवळची वाटते. अटल बोगदा (९ किलोमीटर, ऑक्टोबर २०२०मध्ये खुला) झाल्यापासून तर फारच. मोह आवरा. मनाली २,०५० मीटरवर आहे. तिथून सकाळी निघून कुंझुम ओलांडून रात्री काझ्याला झोपलात, तर एका दिवसात झोपायची उंची दीड हजार मीटरहून जास्त वाढते. डॉक्टरांचा सर्वमान्य नियम असा, की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र तिथेच मुक्काम करावा. शिमल्याची वाट लांब आहे, पण ती हा नियम आपोआप पाळते.

माझ्या मते रात्री अशा लावाव्यात. पहिली शिमला, २,२०० मीटर. दुसरी सराहन किंवा सांगला. शिमल्याहून एका दिवसात कल्पा गाठणारे असतात, पण त्यात सगळा दिवस गाडीत जातो आणि सतलजच्या दरीतली वळणे पोटाला मानवतातच असे नाही. मग कल्पा, २,९६० मीटर, दोन रात्री. समोर किन्नर कैलासाची रांग, मागे देवदार, आणि दुसऱ्या दिवशी रोघी गावापर्यंत चालत जाण्याखेरीज काहीही काम ठेवायचे नाही. स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून ओळखले गेलेले श्याम सरन नेगी कल्पाचेच. त्यांनी १९५१च्या ऑक्टोबरात मत दिले, कारण बर्फ पडण्याआधी इथे मतदान उरकायचे होते. गोव्यातली पहिली विधानसभा निवडणूक त्यानंतर बारा वर्षांनी झाली.

कल्पाहून निघाल्यावर खाब येथे स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून झाडे संपतात आणि डोंगर उघडे, मातकट, राखाडी होत जातात. बरेच जण नाकोला राहतात. गाव आणि तळे सुंदर आहे, पण उंची ३,६६० मीटर. कल्पाहून एकदम सातशे मीटर. मी म्हणेन, नाकोला जेवा आणि झोपायला ताबोला उतरा, ३,२८० मीटर. दुसऱ्या दिवशी काझा, म्हणजे आणखी चारशे-सव्वाचारशे. हा एवढा बदल केला तरी बऱ्याच जणांची डोकेदुखी टळते.

ताबोचा मठ इसवी सन ९९६चा. बाहेरून मातीच्या बुटक्या भिंती दिसतात आणि माणूस म्हणतो, एवढेच? आत जा. मुख्य मंदिरात जवळजवळ अंधार असतो. डोळे सरावले की भिंतीतून पुढे आलेल्या मूर्ती एकेक करून दिसू लागतात, आणि त्यांच्याखाली हजार वर्षांपूर्वीची चित्रे. छायाचित्रण करता येत नाही. छोटी बॅटरी खिशात असू द्या आणि किमान तासभर काढा.

काझ्यात तीन रात्री हव्यात. पहिला दिवस गावातच, बाजारात, नदीकाठी. मग ‘की’ नावाचा मठ (४,१६६ मीटर), किब्बर, चिचमचा पूल, आणि दुसऱ्या बाजूला लांग्झा, हिक्किम, कोमिक. ही तिन्ही गावे ४,४०० मीटरच्या आसपास किंवा वर आहेत, म्हणून दिवसा जायचे आणि रात्री काझ्याला परतायचे. हिक्किमच्या, जगातल्या सर्वांत उंचावरच्या पोस्टांपैकी एका पोस्टातून घरी पत्र टाकण्याची हौस सगळे करतात, तुम्हीही करा. पण समुद्राकाठच्या माणसाने लांग्झाला जास्त वेळ थांबावे. तिथल्या मातीत शंखांसारख्या गुंडाळलेल्या प्राण्यांचे जीवाश्म सापडतात, कारण हिमालय उभा राहण्यापूर्वी ही सगळी जमीन टेथिस समुद्राचा तळ होती. मुले ते विकायला आणतात. घेऊ नका, उचलूही नका.

आठवड्याचीच रजा असेल तर काझ्याचा हट्ट सोडा आणि सांगला, छितकुल, कल्पा एवढेच करा. ती अर्धी सहल होत नाही. किन्नौर हा स्वतंत्र प्रवास आहे.

डोके दुखू लागले तर

डोकेदुखी, मळमळ, अन्नावर वासना नसणे, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. अशा वेळी वर चढणे थांबवा, पाणी प्या, आराम करा. बहुधा एका दिवसात उतार पडतो. पण चालताना तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले, किंवा स्वस्थ बसूनही धाप लागली आणि खोकला सुरू झाला, तर सकाळची वाट पाहू नका. ताबडतोब खाली उतरा. काझ्यात सरकारी आरोग्य केंद्र आहे, पण खरा उपाय उतरणे हाच.

डायमॉक्स नावाने मिळणारी अॅसिटाझोलामाइडची गोळी बरेच जण घेतात. गोव्यातून निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, विशेषतः सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर. रक्तदाब, हृदय किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी आधी तपासून घ्यावे.

आणि बॅगेतली फेणी. थंडीत घोटभर बरी, हे आपल्याकडचे शहाणपण तिथे उलटते. दारूने झोपेत श्वास आणखी मंदावतो. वर असेपर्यंत बाटली बंदच राहू द्या, मनालीला उघडा.

कागदपत्रे

भारतीयांना या मार्गावर परवाना लागत नाही, मतदार ओळखपत्र किंवा आधार पुरे. मात्र गोव्यात जवळजवळ प्रत्येक वाड्यावर पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला कोणी ना कोणी असतोच. असा चुलतभाऊ बरोबर येणार असेल तर तो परदेशी नागरिक ठरतो. किन्नौरहून स्पितीत जाताना त्याला संरक्षित क्षेत्राचा परवाना लागेल, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरीही. तो शिमल्यात किंवा किन्नौरचे मुख्य ठिकाण असलेल्या रेकाँग पिओत मिळतो. कामाच्या दिवशी तिथे पोहोचाल असे पाहा. परतताना अटल बोगद्यातून जायला वेगळा परवाना नाही, रोहतांग खिंडीवर चढायचे असेल तरच लागतो.

गाडी आणि बाकीचे

रेकाँग पिओहून काझ्याला सरकारी बस जाते. स्वस्त आणि भरवशाची, पण दिवसभराची. कुटुंब असेल तर शिमल्याहून चालकासह टॅक्सी ठरवा. स्वतः गाडी चालवायचा विचार असेल तर एकच सांगतो: भाड्याच्या गाड्या घेऊन आपल्या अरुंद रस्त्यांवर पर्यटक काय करतात ते आपण रोज पाहतो. तिथे ते पर्यटक आपण असतो. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी लागते, आणि एका बाजूला दरी असते.

उन्हाचा चश्मा, ओठांना लावायचे मलम, कोरड्या हवेत रोज तीन-चार लिटर पाणी. खोबरेल तेल पहिल्याच रात्री बाटलीत दगड होते, म्हणून रुंद तोंडाच्या डबीत भरा. नुस्त्याचा विचार सोडून द्या. थुक्पा, मोमो, राजमा-भात यांवर दिवस चांगले जातात. रोख रक्कम शिमल्यातच काढून घ्या, काझ्यातल्या एटीएमवर अवलंबून राहू नका.

काझ्याहून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी टॅक्सी थांब्यावर कुंझुमची चौकशी करा. रस्त्याची खरी बातमी मनालीहून आलेल्या चालकांकडे असते. मोकळी असेल तर पहाटे निघा. खिंडीआधीचे शेवटचे गाव लोसर, त्याच्या पुढे रस्ता बराचसा कच्चा आहे आणि दुपारी ऊन चढले की बर्फ वितळून नाल्यांचे पाणी वाढते. सकाळी घोट्याएवढा असलेला नाला तीन वाजता गाडी अडवतो. अंगात त्राण असेल तर चंद्रतालजवळ (सुमारे ४,२५० मीटर) एक रात्र तंबूत काढता येते, एरवी थेट मनाली. खिंड बंद असेल तर आल्या वाटेने ताबो, कल्पा करत उतरा. त्यासाठी परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवलेले असले पाहिजेत, आणि ते सहलीच्या शेवटी, सुरुवातीला नव्हे.