माऊसवर बसलेला हात, टचची स्क्रीन

केळी व्यापाऱ्याच्या गादीवर किंवा जिनिंगच्या ऑफिसात जुना डेस्कटॉप जाऊन टचवाला लॅपटॉप आला, की पहिली तक्रार ठरलेली: 'दाबतो एक, उघडतं भलतंच.' बोटाचा यात दोष नाही. माऊसच्या बाणाचं टोक एका पिक्सेलचं असतं, बोट मात्र आठ-दहा मिलिमीटर जागा व्यापतं. म्हणून आधी बटणं मोठी करायची, मग हात शिकवायचा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

खालच्या सगळ्या पायऱ्या विंडोज ११ साठी आहेत. २०१२ च्या विंडोज ८ ने स्टार्ट बटणच काढून टाकलं होतं, त्याचा धसका अजून काहींच्या मनात आहे. ११ मध्ये तसं काही नाही. विंडोज १० मधला हाताने चालू-बंद करायचा टॅबलेट मोडही आता नाही. टू-इन-वनचा कीबोर्ड मागे दुमडला किंवा काढला, की स्क्रीन आपोआप टॅबलेटसारखी होते.

सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्लेमध्ये जाऊन 'स्केल' एक पायरी वाढवा: १२५ टक्के असेल तर १५०, १५० असेल तर १७५. एवढ्यानेच बऱ्याच चुका थांबतात. अडचण जुन्या सॉफ्टवेअरची येते. अक्षरं धूसर दिसतात, नाहीतर खिडकीतलं 'ओके' स्क्रीनच्या खाली जातं. धूसर दिसत असेल तर त्या आयकॉनच्या प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटीमध्ये हाय डीपीआयची सेटिंग 'सिस्टिम (एन्हान्स्ड)' करून बघा. 'ओके' दिसेनासं झालं तर बहुतेक वेळा एंटर दाबून काम भागतं.

फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू', 'शो'मध्ये 'आयटम चेक बॉक्सेस' चालू करा. कंट्रोल दाबून पाच काटापट्ट्यांच्या (वजनाच्या पावत्यांच्या) फाइली निवडायच्या त्याऐवजी पाच चौकोनांवर टिचकी मारली की झालं.

राइट क्लिकसाठी बोट टेकवून हलवू नका. सेकंदभराने बोटाभोवती खूण उमटते, ती दिसल्यावरच बोट उचला. लवकर उचललं तर फाइल नुसती निवडली जाते, घसरलं तर पान सरकतं. डबल क्लिक म्हणजे त्याच जागी दोन झटपट टिचक्या. दुसरी टिचकी जरा बाजूला पडली तर विंडोज त्या दोन वेगळ्या टिचक्या धरतं. बाण नुसता नेऊन थांबवणं, हे मात्र बोटाने जमतच नाही. काही वेबसाइटचे मेनू बाण नेल्यावर उघडतात आणि टचवर थेट लिंकच उघडते. तिथे सरळ टचपॅड वापरा, उगाच झगडू नका.

तीन बोटं वर सरकवली की उघडे प्रोग्रॅम दिसतात, खाली सरकवली की डेस्कटॉप. उजव्या कडेवरून आत ओढलं की नोटिफिकेशन. तीन बोटांचं चालत नसेल तर सेटिंग्जमधल्या 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस', 'टच'मध्ये ते बंद आहे का बघा. एक्सेलमध्ये वरच्या क्विक ॲक्सेस पट्टीच्या बाणातून 'टच/माऊस मोड' घ्या, बटणांमधलं अंतर वाढतं.

आता आपल्याकडची खास भानगड: बोट न लावता स्क्रीन आपोआप क्लिक मारते. जळगाव-भुसावळचा मे महिना, पारा ४४-४५ वर आणि घामेजलेली बोटं, हे एक कारण. टचची काच बोटाची विद्युत धारकता मोजते, ओलावा तिला बोटासारखाच वाटतो. केळीच्या चिकाचा थर बसला असेल तर तोही पुसायला हवा. मशीन बंद करून किंचित ओलसर मऊ कापड फिरवा, काचेवर थेट फवारा नको. पण खरा चोर बऱ्याचदा अर्थिंग असतो. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या कनेक्टरला लावला, किंवा भिंतीच्या सॉकेटला अर्थच नाही, की चार्जरमधला विद्युत गोंगाट काचेपर्यंत पोचतो. परीक्षा सोपी आहे. चार्जर काढून पाच मिनिटं बॅटरीवर चालवा. आपोआप क्लिक थांबले तर इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट तपासून घ्या, लॅपटॉप दुरुस्तीला नेऊ नका. बॅटरीवरही तेच होत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'एचआयडी-कम्प्लायंट टच स्क्रीन' बंद करून पुन्हा चालू करा. ते बंद ठेवून माऊसवर दिवस काढता येतो.

काउंटरवर बाहेरचा टच मॉनिटर जोडलाय आणि बोट इकडे लावलं की बाण तिकडे हलतो? कंट्रोल पॅनेलमधल्या 'टॅबलेट पीसी सेटिंग्ज'मध्ये 'सेटअप' दाबा. सूचना टच नसलेल्या स्क्रीनवर आली तर एंटर, टचवाल्यावर आली की तिथेच बोट लावा.

टॅलीला मात्र हात लावू नका, म्हणजे बोटाने. एफ८ ने विक्री, एफ९ ने खरेदी, कंट्रोल-ए ने सेव्ह, असा तो कीबोर्डवरच धावतो. कीबोर्ड काढलेला असताना निकड पडलीच तर ऑन-स्क्रीन कीबोर्डवर 'एफएन' दाबल्यावर त्या कळा मिळतात, पण दहा-बारा व्हाउचरांपुढे हात भरून येतो. साधा यूएसबी कीबोर्ड जवळ ठेवा.