जुना रील मोअर उंच हिरवळीसाठी वर कसा उचलावा

जूनच्या मध्यात नागपुरात पाऊस लागला की अंगणातली हरळी आठवड्याभरात घोट्याला लागते. अशा वेळी भंगारातून उचललेला, हातानं ढकलायचा रील मोअर (फिरत्या पात्यांचं गवत कापायचं यंत्र) बाहेर काढला तर हटकून निराशा होते. माझा १६ इंची मोअर असाच आला. पाती बरी होती, चाकं बिडाची, पण कापायची उंची फार तर अडीच सेंटीमीटर. जामठ्याच्या क्रिकेट मैदानासारखं गवत घरी मागू नये. आपल्याकडे अर्ध्या अंगणावर आंब्याची सावली, उरलेल्या अर्ध्यात काळ्या मातीच्या भेगा आणि मे महिन्यात ४५ अंशांचं ऊन. इथं गवत चार सेंटीमीटर राहू दिलं तरच ते तग धरतं.

हे यंत्र कात्रीसारखं चालतं. फिरकीची, म्हणजे चाकांबरोबर फिरणाऱ्या रीळाची, वळणदार पाती गवत मागे ओढतात आणि खालच्या स्थिर पात्यावर छाटतात. एडविन बडिंगनं १८३० साली इंग्लंडमध्ये ते बनवलं, तेही लोकरी कापडावरची लव साफ करायचं यंत्र पाहून. म्हणजे जन्मच बारीक कापण्यासाठी! कापायची उंची ठरते ती खालच्या पात्याची धार जमिनीपासून किती वर आहे यावर, आणि ते पातं चाकं आणि मागचा लाकडी रोलर यांच्या मध्ये लटकलेलं असतं.

आधी मी केलेली चूक सांगतो, कारण सगळे तीच करतात. मी फक्त रोलर खाली घेतला. माझ्या यंत्रात चाकांच्या आसापासून खालचं पातं ६ सेंटीमीटर मागे आहे आणि रोलर १८ सेंटीमीटर. म्हणजे रोलर तीन सेंटीमीटर उतरवावा तेव्हा पातं एक सेंटीमीटर चढतं. दीड सेंटीमीटर उंची हवी होती, म्हणून रोलर साडेचार उतरवला. मागची बाजू वर गेली, पण सगळा सांगाडा आसाभोवती फिरला आणि फिरकीच्या पुढची आडवी दांडी तीन सेंटीमीटर खाली आली. आता तीच दांडी गवत आडवं पाडायची आणि पाती वरून निघून जायची. मागे वळून पाहावं तर गवत पुन्हा उभं!

यावर उपाय म्हणजे चाकं आणि रोलर दोन्ही बरोबरीनं वाढवायचे. तुमच्या यंत्रात आसापासून पात्याचं आणि रोलरचं अंतर आधी मोजून घ्या, आकडे वेगळे निघतील.

चाकांसाठी १० मिलिमीटर जाडीचा जुना कन्व्हेअर बेल्ट सर्वांत बरा. आपला भाग कोळसा खाणींचा, त्यामुळे भंगारात चौकशी केली तर तो मिळून जातो. चाकाच्या रुंदीएवढी पट्टी कापा. २० सेंटीमीटर व्यासाच्या चाकाला साधारण ६६ सेंटीमीटर लांबी लागते. टोकं सरळ न कापता तिरपी कापा, नाहीतर प्रत्येक फेऱ्याला सांध्यावर धक्का बसतो. पट्टी डोकं बुडणाऱ्या स्क्रूनं धावेवर बसवायची. भोकं पाडताना ड्रिल सावकाश चालवा, हातोडा अजिबात नको. आतले नट चाकाच्या दात्यांना घासत नाहीत ना, हे चाक हातानं फिरवून पाहा. मी आधी वेल्डिंगचा विचार करून गेलो होतो, तर कारागीर म्हणाला, "बिडाले वेल्डिंग माराची नाई भाऊ, उद्या तुकडे हातात येतीन." त्याचं बरोबर होतं.

चाकं काढताना आतल्या छोट्या दातेरी चकत्यांचा आणि खटक्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डाव्या-उजव्यांची अदलाबदल झाली तर यंत्र पुढे जाईल, पण फिरकी जागची हलणार नाही.

रोलरसाठी २५×५ मिलिमीटरची लोखंडी पट्टी घ्या. रोलर धरणाऱ्या दोन्ही बाजूंच्या जुन्या कानांना ती नट-बोल्टनं जोडा आणि तिच्यात एकेक सेंटीमीटरवर भोकं पाडा. दोन्ही पट्ट्या एकत्र पकडूनच ड्रिल मारा, म्हणजे भोकं समोरासमोर येतात. बेल्टमुळे चाकं एक सेंटीमीटर वर गेली. रोलर आधी तेवढाच खाली घ्या आणि मग आणखी दीड. माझं पातं अशा रीतीनं चार सेंटीमीटरवर आलं आणि पुढची दांडी होती त्याच उंचीवर राहिली.

आता धार. चाकं काढलेलीच आहेत तर फिरकीला व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट (धातू घासायची खरखरीत पेस्ट) लावून ती उलटी फिरवा, खालच्या पात्याच्या पूर्ण लांबीवर एकसारखी चमक येईपर्यंत. पाती चालतात तिथं बोटं नकोत, पेस्ट ब्रशनंच लावा. नंतर पेस्ट पुसून खालचं पातं फिरकीजवळ आणणारे दोन्ही बाजूंचे स्क्रू थोडे थोडे फिरवत जा. वर्तमानपत्राची पट्टी डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे, तिन्ही ठिकाणी स्वच्छ कापली गेली पाहिजे.

चाक मोठं झालं की तेवढ्याच अंतरात फिरकी थोडी कमी फिरते. चार सेंटीमीटर उंचीला त्यानं काही बिघडत नाही. मात्र एक मर्यादा राहतेच: फिरकीच्या मधल्या दांड्यापेक्षा उंच झालेलं गवत ती आत ओढत नाही. माझी फिरकी १५ सेंटीमीटर व्यासाची आहे, तरी मी गवत सहा सेंटीमीटर झालं की कापतो, म्हणजे एका वेळी वरचा तिसरा हिस्साच जातो. पावसाळ्यात हे पाच-सहा दिवसांनी करावं लागतं. पोळ्याला गावी जाऊन आलात आणि रान माजलेलं दिसलं तर आधी विळा चालवा, मोअर नंतर. ओल्या काळ्या मातीत तर तो काढूच नका. बेल्टला चिखल चिकटतो आणि उंची भलतीच होते.

पहिल्या दोन फेऱ्या मारून झाल्या की बेल्टचे स्क्रू पुन्हा आवळा. रबर दबतं, तसे ते सैल पडतात.