इलेक्ट्रिक गिटार अस्सल की नकली? पारख करताना या चुका टाळा

जुनी किंवा वापरलेली इलेक्ट्रिक गिटार हातात आली की नजर आधी हेडस्टॉकवरच्या (तारा ताणायच्या खुंट्या असलेल्या वरच्या टोकावरच्या) लोगोकडे, मग मागच्या क्रमांकाकडे आणि मग समोरच्या चमकदार मेपलकडे जाते. नकली गिटार बनवणाराही आधी हेच जमवतो. लोगो सुटा विकत मिळतो, क्रमांक कोणाच्याही गिटारवरून उचलता येतो आणि मेपलचा कागदासारखा पातळ पापुद्रा साध्या लाकडावर चिकटवता येतो. म्हणून पारख उलट्या टोकाने सुरू करावी. जे बदलायचे तर लाकूडच नव्याने कापावे लागेल, ते आधी पाहा. स्क्रू काढून बदलता येणाऱ्या गोष्टी शेवटी पाहा.

चूक १: क्रमांक जुळला की निर्धास्त होणे

क्रमांकाने गिटार खोटी ठरवता येते, खरी ठरवता येत नाही. १९७७ ते २००५च्या मध्यापर्यंतच्या गिब्सन कंपनीच्या बहुतेक गिटारींवर आठ आकडी क्रमांक लाकडात दाबून उमटवलेला असतो. त्यातला पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष होते, तर दुसरा ते चौथा हे आकडे वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. ९१३२५५१२ हा क्रमांक घ्या. ९ आणि ५ म्हणजे १९९५, आणि १३२वा दिवस म्हणजे १२ मे. मधले तीन आकडे ३६६च्या वर गेले तर संशय घ्या, पण १९९४ची गिटार असेल तर थांबा. त्या वर्षीचे क्रमांक ९४नेच सुरू होतात आणि वरचा नियम त्यांना लागू होत नाही. याच काळातल्या लेस पॉल क्लासिक (लेस पॉल हे गिब्सनचे मॉडेल) आणि कस्टम शॉपच्या, म्हणजे गिब्सनच्या खास विभागाच्या, गिटारींचे क्रमांक बहुधा शाईचे असतात आणि त्यांची पद्धत वेगळी असते.

फेंडर कंपनीच्या क्रमांकातले अक्षर दशक सांगते: एस म्हणजे १९७०चे, ई १९८०चे, एन १९९०चे, झेड २०००चे. त्या अक्षराच्या आधी एम असेल तर नेक (गिटारची लांब मान) मेक्सिकोतली. यात एक पळवाट आहे. फेंडरची नेक स्क्रूंनी लावलेली असते, त्यामुळे क्रमांक हेडस्टॉकवर असेल तर तो फक्त नेकबद्दल बोलतो. खऱ्या नेकला तिऱ्हाइताची बॉडी जोडलेली गिटार पूर्ण अस्सल म्हणून सर्रास विकली जाते.

चूक २: एकाच खुणेवर निकाल देणे

लेस पॉलबद्दल तीन खुणा सगळीकडे सांगितल्या जातात आणि तिन्हींना अपवाद आहेत.

ट्रस रॉडच्या (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईच्या) झाकणाला गिब्सनमध्ये दोन स्क्रू असतात, पुष्कळ नकलांना तीन. पण झाकण दोन मिनिटांत बदलता येते. झाकण उघडून आत पाहिलेले बरे. गिब्सनमध्ये तिथे सहसा पितळी षटकोनी नट असतो आणि त्याला ५/१६ इंचाचा नळीसारखा पाना लागतो. तिथे ॲलन कीचे (षटकोनी सळईच्या पान्याचे) भोक दिसले तर ती खूण झाकणापेक्षा कितीतरी वजनदार.

बाइंडिंगवर (नेकच्या कडेच्या पट्टीवर) फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या तारेच्या) टोकाशी असलेले बारीक उंचवटे ही दुसरी खूण. नकलांमध्ये फ्रेट थेट बाइंडिंगवरून कडेपर्यंत जाते. पण अस्सल गिटारचे फ्रेट बदलताना हे उंचवटे बहुधा घासून जातात, आणि गिब्सनने काही वर्षांच्या काही मॉडेलांत ते स्वतःच वगळले आहेत.

तिसरी खूण ब्रिजच्या, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात त्या भागाच्या, खांबांची. जाड खांब आणि त्यांच्या डोक्यावर स्क्रू ड्रायव्हरची मोठी खाच दिसली तर ते आशियाई बनावटीचे सुटे भाग असण्याची शक्यता जास्त. मात्र आधीच्या मालकाने ब्रिज बदललेला असू शकतो.

तीन-चार स्वतंत्र खुणा एकाच बाजूला बोट दाखवत असतील, तेव्हाच मत बनवा.

चूक ३: नेकचा सांधा न तपासणे

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. गिब्सनची नेक आणि मागे झुकलेला हेडस्टॉक साधारणपणे एकाच महोगनीच्या तुकड्यातून कापतात. हेडस्टॉक रुंद करायला दोन्ही कडांना पट्ट्या चिकटवतात, त्यामुळे त्याच्या पाठीवर दोन उभ्या रेषा दिसल्या तर दचकू नका. १९७०च्या दशकात तीन उभ्या तुकड्यांची नेकही होती आणि नटच्या (हेडस्टॉकजवळच्या, तारांसाठी खाचा असलेल्या पट्टीच्या) मागे एक फुगवटा असे. स्वस्त बांधणीत मात्र लाकूड वाचवायला हेडस्टॉक वेगळा कापून तिरका चिकटवतात. हा सांधा नटच्या मागे किंवा पहिल्या-दुसऱ्या फ्रेटच्या खाली आडवा-तिरका दिसतो. नेकच्या बुंध्यालाही वेगळा तुकडा चिकटवलेला असतो.

गडद रंगाखाली हा सांधा लपतो. अशा वेळी टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून प्रकाश टाका. लाकूड वर्षानुवर्षे आकसते, त्यामुळे सांध्यावर केसासारखी कड उभी राहते.

मोडून दुरुस्त केलेला हेडस्टॉक आणि कारखान्यातला सांधा यांची गल्लत फार होते. गिब्सनचा हेडस्टॉक पडल्यावर नेमका तिथेच मोडतो. मोडलेली रेषा वेडीवाकडी, लाकडाच्या तंतूंच्या मागे जाणारी असते. कापलेला सांधा पट्टीने आखल्यासारखा सरळ असतो. पहिली गिटार अस्सल पण दुरुस्त, म्हणून किमतीत घट. दुसरीवर गिब्सनचे नाव असेल तर ती बहुधा नकली.

चूक ४: माप न घेणे

नटच्या आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या माथ्यापर्यंत मोजून दुप्पट करा; ही लांबी म्हणजे स्केल. फेंडरच्या स्ट्रॅट-टेली (स्ट्रॅटोकास्टर आणि टेलीकास्टर) मॉडेलांमध्ये बारावा फ्रेट ३२४ मिमीवर येतो (२५.५ इंच स्केल), तर लेस पॉलमध्ये साधारण ३१२ ते ३१४ मिमीवर. ब्रिजपर्यंत मोजू नका, कारण प्रत्येक सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो भाग) सूर जुळवण्यासाठी मागे-पुढे सरकवलेले असते आणि माप चुकते.

चूक ५: फोटोवरून आकार ठरवणे

मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोत हेडस्टॉक फुगतो आणि बॉडी निमुळती होते. यामुळे अस्सल गिटारही बेढब दिसते. फोटो मागवताना दोन मीटरवरून, दुप्पट झूम करून, अगदी समोरून काढायला सांगा. पिवळ्या दिव्याखाली पांढरे बाइंडिंग जुने भासते, म्हणून दिवसाच्या सावलीतला फोटो हवा.

मेपलच्या लाटांसाठी व्हिडिओच लागतो. गिटार हळूहळू कलती केली की खऱ्या लाकडातल्या उजळ पट्ट्या गडद होतात आणि गडद उजळतात. छापील लाटा जागच्या जागी राहतात. पापुद्राही खरेच लाकूड असल्याने या चाचणीत पास होतो, म्हणून पिकअप (तारांखालचा आवाज टिपणारा भाग) काढून खाचेची कड बघा. जाड मेपलचा थर वेगळा दिसतो. पापुद्रा असणे ही फसवणूक नव्हे. गिब्सनचाच स्वस्त ब्रँड एपिफोन तो उघडपणे वापरतो. गिब्सनचे नाव आणि पापुद्रा एकत्र आले तर मात्र प्रश्न विचारा.

चूक ६: झीज म्हणजे वय समजणे

खरी झीज हात आणि अंग टेकते तिथे होते: उजव्या मनगटाखालची कड, पाठीवर पट्ट्याच्या बकलचे ओरखडे, नेकच्या पाठीवर अंगठ्याची जागा. बॉडीचा रंग उडालेला पण फ्रेट कोरे आणि स्क्रूच्या खाचा तीक्ष्ण असतील तर हिशेब जुळत नाही. फ्रेट बदलले असतील तर तसे विचारा. पिकगार्डखालचा (बॉडीवरच्या संरक्षक पत्र्याखालचा) रंग बाहेरच्यापेक्षा ताजा असायला हवा. सगळीकडे सारखाच फिकट असेल तर पुन्हा रंगकाम झालेले असू शकते.

यूव्ही टॉर्च अंधारात फिरवा. जुने नायट्रो लॅकर (नायट्रोसेल्युलोजचे वार्निश) हिरवट-पिवळे चमकते, नंतर मारलेला फवारा वेगळ्या छटेचा डाग बनून उठून दिसतो. ॲसिटोन लावून नायट्रो ओळखण्याचा सल्ला दिला जातो, पण तो दुसऱ्याच्या गिटारवर कधीही करू नका. नायट्रो विरघळते आणि डाग कायमचा राहतो.

चूक ७: उघडताना पुरावाच नष्ट करणे

मालकाची परवानगी घ्या. तारा आधी सैल करा, मग नेकचे स्क्रू हाताच्या स्क्रू ड्रायव्हरने काढा. परत बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात 'टक्' असा बसल्याचे जाणवले की मगच आवळा. नाहीतर लाकडात नवे आटे पडतात आणि नेक ढिली होते.

आत पॉटवर (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालच्या भागावर) शिक्का असतो. १३७६६३३ म्हणजे सीटीएस कंपनी, १९६६, तेहतिसावा आठवडा. गिटार त्यानंतरची, एवढेच यातून कळते. फेंडरने १९६६चे पॉट पुढची काही वर्षे वापरले. सोल्डर कुठे चकचकीत आणि कुठे मंद आहे तेही बघा, कारण बदललेला भाग तिथे उघडा पडतो. नुसते सर्किट बोर्ड दिसले म्हणून गिटार नकली म्हणू नका. गिब्सनने अनेक मॉडेलांत ते बसवले आहेत.

मल्टीमीटरने पिकअप मोजताना जॅकमध्ये केबल लावा, व्हॉल्यूम आणि टोन दहावर ठेवा, आणि दोन्ही टोकांना बोटे लावू नका. जुन्या धाटणीचा हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) साधारण ७ ते ८.५ किलोओम, स्ट्रॅटचा सिंगल कॉइल साडेपाच ते साडेसहा. पॉट समांतर असल्याने वाचन थोडे कमी येते. आकडा जुळला तरी पिकअपचा बनवणारा कळत नाही. शून्य किंवा अनंत आले तर पिकअप किंवा वायरिंग बिघडलेले आहे, एवढे मात्र नक्की.