हॉटेलातली खोली विकत घेण्याआधी

माझी बरीचशी नोकरी एका कॉन्डो हॉटेलच्या हिशेब खात्यात झाली. कॉन्डो हॉटेल म्हणजे जिथल्या खोल्या वेगवेगळ्या लोकांनी विकत घेतलेल्या असतात, हॉटेल त्या पाहुण्यांना भाड्याने देतं आणि भाडं मालकाशी वाटून घेतं. दर महिन्याला खोल्यांच्या मालकांना उत्पन्नाचं पत्रक पाठवणं हे माझं काम. पत्रक पोचलं की फोन सुरू व्हायचे. एका निवृत्त शिक्षिकेचा फोन अजून आठवतो. खोली महिन्यातले एकोणीस दिवस भरलेली, आणि पत्रकाच्या तळाशी रक्कम वजा. "भाडं आलं ना? मग पैसे मीच का भरायचे?" त्या महिन्यात त्यांच्या खोलीतला सोफा, गाद्या आणि टीव्ही बदलले होते. करारात तसं लिहिलेलं होतं, पण खोली विकताना ते पान कुणी उघडून दाखवलं नव्हतं. तेव्हापासून खोली घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी आकडेमोड करायला बसवते.

समजा, एका रात्रीचं भाडं १००. विकणारा वर्षाचे ३६५ दिवस धरून ३६,५०० म्हणेल, निम्मे तुमचे, म्हणजे १८,२५०. आता खोली ६० टक्के दिवस भरते असं धरा. जमा २१,९००. बुकिंग साइटचं कमिशन, कार्डाचे चार्जेस असे सरासरी १० टक्के गेले, उरले १९,७१०. निम्मा वाटा ९,८५५. फर्निचर बदलण्यासाठी एकूण जमेच्या ४ टक्के राखीव निधी कापला जातो, तो ८७६. उरले ८,९७९. मेंटेनन्स, मालमत्ता कर, विमा मिळून ५,००० धरा. हातात ३,९७९, तेही कर्जाचा हप्ता आणि आयकर जायच्या आधी.

आता याच हिशेबात ६० च्या जागी ४५ टक्के घाला. हातात येतात साधारण १,७३४. गिऱ्हाईक पावपट घटलं आणि तुमची मिळकत निम्म्याहून खाली आली, कारण मेंटेनन्सचा आकडा गिऱ्हाईक बघून कमी होत नाही. २०२० साली हॉटेलं ओस पडली तेव्हाही ही बिलं जातच होती. तुमचे खरे आकडे घालून हा हिशेब दोन्ही प्रकारे करा. पडत्या वर्षात हप्ता पगारातून भरता येणार नसेल तर तिथेच थांबा.

पुढे करार. वाटणी कमिशन कापण्याआधी होते की नंतर, हा एक शब्द वर्षाची मिळकत हलवतो. पाहुण्यांना खोल्या वाटताना पाळी ठेवतात का, की सगळ्यांची जमा एकत्र करून वाटतात, तेही विचारा. पाळी असेल तर ती कोण तपासतं? स्वतः किती रात्री राहता येईल आणि ऐन सीझनमध्ये येईल का, हेही बघा. लॉबी, रिसेप्शन, रेस्टॉरंट बरेचदा बिल्डर स्वतःकडेच ठेवतो आणि त्यांचा खर्च मात्र मालकांवर टाकतो. हे कलम शोधून काढाच. ब्रँडचा करार कधी संपतो ते बघा. पाटी उतरली की भाडंही उतरतं. हमी भाडं देत असतील तर ते बहुतेक वेळा किमतीतच मिसळलेलं असतं. हमी संपल्यावरच्या वर्षाचा हिशेब मांडा.

अमेरिकेत उत्पन्नाचं आमिष दाखवून, भाड्याच्या योजनेसकट खोली विकली तर ती रोख्यांची, म्हणजे शेअर्ससारख्या गुंतवणुकीची विक्री ठरू शकते आणि तिला रोख्यांचे नियम लागतात, असं तिथल्या रोखे आयोगाने १९७३ मध्येच स्पष्ट केलं. त्यामुळे तिथले विक्रेते उत्पन्नाबद्दल मोघम बोलतात. विक्रेता बोलला नाही तरी जुने मालक बोलतात. तुमच्यासारख्याच खोलीची मागच्या तीन वर्षांची मासिक पत्रकं मागा, गोषवारा नको. मालक संघाच्या बैठकांची इतिवृत्तंही वाचा. लिफ्ट, छप्पर, नूतनीकरण यांची जादा वर्गणी येणार असली की त्याची कुणकुण तिथेच आधी लागते.

बाहेर पडायची वाट मात्र खरेदीआधीच बघून ठेवा. अशा खोल्यांवर कर्ज द्यायला बऱ्याच बँका कचरतात. अमेरिकेत बँकांकडून गृहकर्जं विकत घेणारी फॅनी मे ही संस्था अशा खोल्यांवरची कर्जं विकत घेत नाही. म्हणजे उद्या तुमचा गिऱ्हाईक बहुधा रोख पैसे घेऊन येणारा असावा लागेल, आणि असे थोडे असतात. त्याच इमारतीत शेवटच्या पाच-सहा खोल्या पुन्हा केवढ्याला विकल्या गेल्या आणि विकायला किती महिने लागले, ते निबंधकाच्या नोंदींतून आणि स्थानिक दलालाकडून काढा. मूळ किमतीशेजारी ते आकडे लिहा, आणि मगच इसाऱ्याची रक्कम द्या.