एएलएसच्या संशोधनासाठी वर्गणी काढताय? मग एवढं बघून घ्या

एएलएस म्हणजे हळूहळू शरीरातले स्नायू लुळे पाडणारा आजार. सगळ्यात आधी ठरवा, पैसे घरात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी हवेत की औषधाच्या शोधासाठी. दोन्ही एका डब्यात टाकू नका. श्वासाला मदत करणारं बायपॅप मशीन, व्हीलचेअर, रात्री रुग्णाला सांभाळणारी बाई हा खर्च आज दारात उभा असतो. तो दिसत असताना संशोधनाचे पैसे कोणीही तिकडेच वळवेल, मीसुद्धा. म्हणून परळच्या आमच्या चाळीत आम्ही दोन वेगळी पावती पुस्तकं केली.

आजार समजावताना पत्रकं वाटण्यापेक्षा एखादी खरी वस्तू दाखवा. माझा मोठा भाऊ, अण्णा, मंडळाचा खजिनदार होता. एका गणपतीत त्याने फाडून दिलेल्या पावत्या नीट होत्या, पण खालच्या प्रतीवर आकडे उमटेचनात. कार्बन बदलला, पेन बदललं. जोर त्याच्या बोटांतच उरला नव्हता. एएलएसमध्ये स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात, बुद्धी मात्र बहुतेकांची शाबूत राहते. ती कोरी प्रत मी अजून लोकांच्या हातात देते. त्यानंतर फार बोलावं लागत नाही.

आता पैसे कुठे द्यायचे? एका चाळीच्या वर्गणीत प्रयोगशाळेचं काही भागत नाही. चार-पाच सोसायट्या, ऑफिसातले ग्रुप, माहेरची माणसं एकत्र करा आणि एकाच नोंदणीकृत संस्थेमार्फत रक्कम द्या. संस्थेला सरळ विचारा: नमुने आणि निष्कर्ष तुम्ही इतर संशोधकांना देता का? माझ्या मते हाच प्रश्न सगळ्यात मोठा. २०१४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ‘आइस बकेट चॅलेंज’मध्ये बर्फाच्या पाण्याची बादली डोक्यावर ओतून अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे साडेअकरा कोटी डॉलर जमले. त्यातले दहा लाख डॉलर ‘प्रोजेक्ट माइन’ या जनुकीय संशोधनाच्या प्रकल्पाला गेले. अकरा देशांतल्या ऐंशीहून अधिक संशोधकांनी रुग्णांची जनुकीय माहिती एकत्र तपासली आणि २०१६ मध्ये एनईके१ या जनुकाचा आजाराशी असलेला संबंध पुढे आला. एकेका देशाकडचे रुग्ण त्याला पुरले नसते.

देणगीदाराला खोटी आशा दाखवू नका. टोफर्सन हे औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण ते एसओडी१ जनुकात दोष असलेल्यांसाठीच, म्हणजे शंभरातल्या साधारण दोघांसाठी. २०२२ मध्ये तिथेच मंजूर झालेलं दुसरं एक औषध मोठ्या चाचणीत टिकलं नाही आणि २०२४ मध्ये कंपनीने ते मागे घेतलं. त्याच्या सुरुवातीच्या चाचणीतही बादलीचे पैसे होते. हे लपवू नका. माणसं समजून घेतात, आणि पुढच्या वर्षीही देतात.

स्टेम सेलच्या नावाने कोणी लाखांचं पॅकेज सांगितलं तर वर्गणीतला रुपयाही देऊ नका. एएलएसवर ही सिद्ध झालेली उपचारपद्धती नाही. खरी चाचणी असेल तर ती सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत सापडते. तिथे कोणीही फुकट शोधू शकतं. आणि प्रयोगाच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून मागत असतील तर तिथून उठा. आम्हालाही एका दवाखान्यात असं पॅकेज सांगितलं होतं. वहिनी बांगड्या मोडायला निघाली होती.

पैशाइतकीच गरज माहितीची आहे. पहिलं लक्षण कधी दिसलं, गिळायला त्रास कधी सुरू झाला, वजन किती उतरलं, हे तारखांसकट वहीत लिहा. ईएमजीचे, म्हणजे स्नायू आणि नसांच्या तपासणीचे, रिपोर्ट फाइलला लावा. बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या मेंदू-मज्जासंस्थेच्या मोठ्या रुग्णालयात गेलात तर संशोधनासाठी नमुना देता येईल का, हे आपणहून विचारा. संमतीपत्र मात्र घरी आणून, वाचून मगच सही करा.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. नोंदणी नसलेल्या गटाने लोकांकडून पैसे जमवण्याआधी, गणेशोत्सव मंडळं काढतात तशी, धर्मादाय आयुक्तांची परवानगी काढावी. देणगीदाराला करसवलतीसाठी लागणारी ८०जीची पावती हवी असेल तर पैसे थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. दोन हजारांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही, आणि परदेशी संस्थेला परस्पर दिलेल्या देणगीलाही नाही. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये संस्थेसाठी धावून निधी उभा करता येतो, पण त्यासाठी संस्थेशी आधीच्या पावसाळ्यातच बोलून ठेवा. दिवाळीनंतर विचारायला गेलात तर बहुधा जागा भरलेल्या असतात.